‘तीस टक्के टॅक्स जातो’ म्हणजे नेमका किती जातो?

फेब्रुवारी-मार्चचा पगार हातात आला की शाळेच्या स्टाफरूममध्ये, वाळूजच्या कंपनीच्या कँटीनमध्ये, बँकेत जेवणाच्या सुट्टीत एकच वाद पेटतो. एक जण पे स्लिप दाखवत म्हणतो, “तीस टक्के सरकारच नेतं.” दुसरा म्हणतो, “अहो, बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही, रडता कशाला?” तिसरा हळूच म्हणतो, “इन्क्रिमेंट न घेतलेलं बरं, वाढलेला सगळा पैसा टॅक्समध्येच जातो.” ऐकताना तिघांपैकी एकच खरं बोलत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तिघंही वेगवेगळी गोष्ट मोजत असतात, आणि गंमत म्हणजे सगळ्यात हास्यास्पद वाटणारं तिसऱ्याचं म्हणणं काही पगारांपुरतं अक्षरशः खरं आहे.

खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, साठीच्या आतल्या पगारदाराचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न १९६१ च्या जुन्या कायद्याप्रमाणेच भरायचं आहे.

सात वाफे, सात दर

टॅक्सचा स्लॅब म्हणजे शेतातला वाफा समजा. दारं धरताना पाटाचं पाणी आधी पहिल्या वाफ्यात जातं, तो भरला की दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. तुमचं उत्पन्न हे ते पाणी. नव्या पद्धतीत, म्हणजे न्यू रेजीममध्ये, प्रत्येक वाफा बरोबर चार लाखांचा आहे. पहिल्याची पाणीपट्टी शून्य, दुसऱ्याची ५ टक्के, तिसऱ्याची १०, चौथ्याची १५, पाचव्याची २०, सहाव्याची २५. २४ लाखांच्या पुढे सातवा वाफा म्हणजे मोकळं रान, तिथे ३० टक्के.

आता लक्षात घ्यायची गोष्ट ही की सातव्या वाफ्यात पाणी शिरलं म्हणून पहिल्या सहा वाफ्यांची पट्टी बदलत नाही. करपात्र उत्पन्न २४ लाखांवरून २४ लाख १० हजार झालं, तर ३० टक्के लागतात ते वरच्या १० हजारांवर. खालच्या २४ लाखांचे ३ लाख तसेच राहतात. “मी तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये गेलो” असं म्हणणारा माणूस शेवटच्या वाफ्याचा दर सांगत असतो, सगळ्या शेताचा नव्हे.

करपात्र उत्पन्न म्हणजे वजावटी गेल्यावर उरलेलं उत्पन्न. न्यू रेजीममध्ये पगारदाराला ७५ हजारांची सरसकट वजावट मिळते, तिला स्टँडर्ड डिडक्शन म्हणतात. आणि टॅक्स काढून झाल्यावर त्या टॅक्सवर ४ टक्के सेस बसतो. सेस उत्पन्नावर नसतो, टॅक्सवर असतो. पुष्कळ जण इथेच घोळ घालतात.

भागाकार कशाला करायचा?

आता वादातला कळीचा शब्द: प्रभावी दर. वर्षभरात भरलेला एकूण टॅक्स भागिले वर्षभराचा एकूण पगार. बस्स, एवढंच. फॉर्म १६ म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीकडून किंवा कार्यालयाकडून मिळणारा वार्षिक दाखला. त्याच्या भाग ‘ब’ मध्ये वरच्या बाजूला एकूण पगार असतो, खालच्या बाजूला सेससह एकूण टॅक्स असतो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम आहे.

वर्षाला १५ लाख पगार घ्या. ७५ हजार वजा केले, १४ लाख २५ हजार उरले. तिसऱ्या वाफ्यापर्यंतचे ६० हजार, चौथ्या वाफ्यात २ लाख २५ हजार गेले त्यांचे १५ टक्क्यांनी ३३ हजार ७५०. बेरीज ९३ हजार ७५०, सेस ३ हजार ७५०, एकूण ९७ हजार ५००. शेवटचा दर १५ टक्के, प्रभावी दर साडेसहा.

याच पद्धतीने २० लाख पगारावर १ लाख ९२ हजार ४०० येतात, म्हणजे ९.६ टक्के. २५ लाखांवर ३ लाख १९ हजार ८००, म्हणजे १२.८ टक्के; हा माणूस ‘तीस टक्केवाला’ आहे बरं का. ५० लाखांवर साधारण २२ टक्के. त्यापुढे सरचार्ज, म्हणजे टॅक्सवरचा जादा टॅक्स, सुरू होतो आणि दर झपाट्याने चढतो. न्यू रेजीममध्ये त्याचं टोक सेससह ३९ टक्के आहे, जुन्या पद्धतीत, म्हणजे जास्त वजावटींच्या ओल्ड रेजीममध्ये, ४२.७४. पण ती चर्चा स्टाफरूममधली नाही.

मग शेवटच्या वाफ्याचा दर निरुपयोगी का? मुळीच नाही. आजवरच्या कमाईचा भार किती, हे प्रभावी दर सांगतो. पुढचा रुपया कमावला तर त्यातला हाती किती राहील, हे शेवटचा दर सांगतो. ओव्हरटाइम घ्यायचा का, बँकेत एफडी करायची का, हे ठरवताना शेवटचाच दर लावायचा. भांडणात एक जण हा दर धरतो, दुसरा तो, आणि डबे संपतात.

बारा लाखांच्या बांधावर

दुसऱ्या मित्राचा मुद्दा: बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही. हे खरं आहे, पण स्लॅबमुळे नाही. वाफ्यांच्या हिशोबाने १२ लाखांवर ६० हजार टॅक्स निघतोच. सरकार तो नंतर माफ करतं. या माफीला रिबेट म्हणतात. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६० हजारांपर्यंतची माफी. पगारदारासाठी ७५ हजार धरून हा बांध १२ लाख ७५ हजारांवर येतो.

बांध एका रुपयाने ओलांडला की काय? माफी गेली आणि ६० हजार अंगावर आले, असं होऊ नये म्हणून कायद्यात एक टेकू आहे, मार्जिनल रिलीफ. नियम असा की १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून टॅक्स जास्त नको. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर वाफ्यांनुसार टॅक्स ६१ हजार ५००, पण द्यायचा फक्त १० हजार. वर सेस ४००.

आता तिसऱ्या मित्राकडे या. वर कमावले १० हजार, दिले १० हजार ४००. म्हणजे या पट्ट्यात शेवटच्या रुपयाचा दर १५ टक्के नाही, १०४ टक्के आहे. सेस या मर्यादेच्या बाहेर राहतो, म्हणून चार टक्के खिशातले जातात. हा पट्टा करपात्र उत्पन्न १२ लाख ७० हजार ५८८ होईपर्यंत चालतो. पगाराच्या भाषेत सांगायचं तर १३ लाख ४५ हजार ५८८ रुपये पगार असणाऱ्याच्या हातात टॅक्स जाऊन १२ लाख ७२ हजार १७६ येतात, आणि १२ लाख ७५ हजार पगारवाल्याच्या हातात पूर्ण १२ लाख ७५ हजार. पगार साधारण १३ लाख ४९ हजार झाला की दोघं बरोबरीला येतात. त्यापुढे गाडी पुन्हा रुळावर: प्रत्येक जादा रुपयातले सेससह १५.६ पैसे टॅक्समध्ये, बाकी तुमचे.

यावर ‘इन्क्रिमेंट नको’ हा उपाय नाही. पगारवाढ पुढच्या प्रत्येक वर्षाचा, पीएफचा आणि ग्रॅच्युइटीचा पाया असते. एका वर्षाच्या ७३ हजारांसाठी ती सोडणं म्हणजे उसाचा खोडवा मोडण्यासारखं. खासगी कंपनीत असाल तर एचआरला एक प्रश्न विचारा: पगाराच्या रचनेत कंपनीकडून एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, योगदान टाकता येईल का? मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंतचं मालकाचं योगदान न्यू रेजीममध्येही वजा होतं. ते पैसे निवृत्तीपर्यंत बऱ्याच अंशी अडकतात, हे मात्र आधी समजून घ्या. आणि हे वर्षाच्या सुरुवातीला करायचं असतं. मार्चमध्ये धावपळ करून काही साधत नाही.

दर वाढवले नाहीत, मग टॅक्स वाढला कसा?

सरकार म्हणतं आम्ही दर कमी केले. माणूस म्हणतो माझा टॅक्स वाढला. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

दर कमी झाले यात शंका नाही. १९७३-७४ मध्ये सर्वोच्च दर सरचार्जसह ९७.७५ टक्के होता. १९९७ च्या अर्थसंकल्पात तो ३० टक्क्यांवर आला. (मराठवाड्याला भारताचा आयकर लागला तोच १ एप्रिल १९५० पासून, त्याआधी हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा आयकर कायदा होता.)

पण वाफ्यांचे बांध महागाईबरोबर आपोआप सरकत नाहीत, आणि खरी मेख इथे आहे. आपल्याकडे स्लॅब महागाईला जोडलेले नाहीत. अर्थसंकल्पात बदलले तरच बदलतात. १५ लाखांचाच पगार घेऊ. दहा वर्षं महागाई ५ टक्के राहिली आणि पगारही वर्षाला बरोबर ५ टक्केच वाढला, तर दहा वर्षांनी तो २४ लाख ४३ हजार होईल. बाजारात त्याची किंमत आजच्या १५ लाखांइतकीच. पिशवीत तेवढीच डाळ, तेवढंच तेल. पण पाणी चौथ्या वाफ्यातून सहाव्यात गेलेलं असेल. स्लॅब तसेच राहिले तर टॅक्स ३ लाख ४ हजारांच्या आसपास आणि प्रभावी दर साडेसहावरून १२.४ टक्क्यांवर. कुणी दर वाढवला? कुणीच नाही.

महागाई भत्ता घेणाऱ्यांना हे दर सहा महिन्यांनी जाणवतं. डीए मिळतो भाव वाढले म्हणून, पण टॅक्स त्याला नवी कमाई समजतो.

ओल्ड रेजीममध्ये तर बांध गोठलेलेच आहेत. अडीच लाखांची करमुक्त मर्यादा, पीएफ-विमा वगैरेंची दीड लाखाची वजावट, घरकर्जाच्या व्याजाची दोन लाखांची वजावट हे तिन्ही २०१४ च्या अर्थसंकल्पात ठरलेले आकडे. दहा लाखांवर ३० टक्के हे २०१२ पासून. त्या काळी दहा लाख पगाराचा माणूस गल्लीत श्रीमंत समजला जायचा.

या सगळ्याचा परिणाम देशाच्या हिशोबातही दिसतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पानुसार सरकारकडे येणाऱ्या प्रत्येक रुपयातले २२ पैसे व्यक्तींच्या आयकरातून आणि १७ पैसे कंपन्यांच्या करातून येणार होते. ‘कंपन्यांपेक्षा आम्ही जास्त भरतो’ ही तक्रार त्यामुळे एकूण जमेपुरती बरोबर आहे. मात्र त्याच अर्थसंकल्पाने बारा लाखांची माफी दिली आणि त्यापायी सुमारे १ लाख कोटींचा महसूल सोडला, हेही त्याच वहीत लिहावं लागेल. सेसबद्दल एक वेगळा राग असायला हवा, तो फारसा कुणाला नसतो: सेस आणि सरचार्ज राज्यांना वाटून द्यायच्या रकमेत धरले जात नाहीत. तुमच्या टॅक्सचा काही भाग राज्यांच्या वाट्यातून महाराष्ट्राकडे वळतो, सेस वळत नाही.

“ओल्ड रेजीममध्ये मी जास्त वाचवतो”

काही जणांसाठी खरं, पण आकडा घालून बघा. १५ लाख पगाराला न्यू रेजीमचा टॅक्स सेसआधी ९३ हजार ७५०. ओल्ड रेजीममध्ये एवढाच टॅक्स यायला करपात्र उत्पन्न ९ लाख ६ हजार २५० वर आणावं लागतं. म्हणजे ५ लाख ९३ हजार ७५० च्या वजावटी. ५० हजारांचं तिथलं स्टँडर्ड डिडक्शन सोडलं तरी ५ लाख ४३ हजार ७५० उरतात. दीड लाख पीएफ-विमा, ५० हजार एनपीएस, दोन लाख घरकर्जाचं व्याज, २५ हजार आरोग्यविमा, अडीच हजार प्रोफेशनल टॅक्स हे सगळं काठोकाठ भरलं तरी ४ लाख २७ हजार ५०० होतात. अजून सव्वा लाखाच्या आसपास घरभाड्याची सवलत हवी. घर लातूरला कर्जावर आणि नोकरी संभाजीनगरला भाड्याच्या घरात, अशांना हे जमू शकतं. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला बहुधा नाही. २० लाख पगाराला तर स्टँडर्ड डिडक्शनशिवाय ७ लाख ८ हजारांच्या वजावटी लागतात.

पगारदाराला दरवर्षी रिटर्न भरताना पद्धत निवडता येते, कंपनीला काहीही सांगितलेलं असो. अट एकच: मुदतीत. उशिरा भरलेल्या रिटर्नला ओल्ड रेजीम मिळत नाही. आणि “तुमचा रिफंड मी काढून देतो, कमिशन द्या” म्हणणारा कुणी राजकीय पक्षाची खोटी देणगी किंवा खोटी भाडेपावती टाकत असेल, तर त्या रिटर्नवर पॅन तुमचा असतो. चुकीची माहिती देऊन टॅक्स बुडवल्यास बुडवलेल्या टॅक्सच्या दुप्पट दंड आहे. कमिशनवाला तोवर फोन बदललेला असतो.

फरकाचं वर्ष आणि एफडीचं व्याज

प्रभावी दर एखाद्या वर्षी अचानक फुगतो तो बहुधा ‘फरक’ मिळाल्यामुळे. वेतन आयोगाची किंवा निवडश्रेणीची थकबाकी तीन-चार वर्षांची असते, पण टॅक्स लागतो ती हातात पडली त्या वर्षी. सगळं पाणी एकदम सोडलं की वरच्या वाफ्यात जाणारच. यावर दिलासा आहे: ती रक्कम ज्या-ज्या वर्षांची, त्या-त्या वर्षात धरून टॅक्स किती वाढला असता ते काढायचं, आणि त्याहून जो जास्त बसतोय तेवढा माफ. त्यासाठी आयकराच्या पोर्टलवर फॉर्म १०ई भरावा लागतो, आणि तो रिटर्नच्या आधी. कार्यालयाने फॉर्म १६ मध्ये दिलासा दाखवला म्हणून लोक निर्धास्त राहतात, १०ई राहून जातो, आणि काही महिन्यांनी विभागाची मागणीची नोटीस येते. थकबाकीचं वर्षनिहाय विवरणपत्र बिल निघतानाच कार्यालयातून मागून ठेवा.

दुसरा घोळ एफडीचा. बँक व्याजावर १० टक्के टीडीएस कापते. टीडीएस ही आगाऊ कापलेली उचल आहे, अंतिम हिशोब नाही. तुमचा शेवटचा वाफा २० टक्क्यांचा असेल तर उरलेले १० टक्के आणि सेस तुम्हीच भरायचा. एआयएस नावाच्या वार्षिक विवरणात विभागाला तुमचं व्याज आधीच दिसत असतं, त्यामुळे विसरलो म्हणून सुटका नाही.

“आम्हीच भरतो, शेतीवाल्यांना काही नाही”

हा वाद मराठवाड्यात घराघरांत आहे, कारण पगार आणि सातबारा पुष्कळदा एकाच माणसाच्या नावावर असतात. शेतीचं उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे. त्यावर कर लावायचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिला आहे. पण पगारदाराच्या शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजारांहून जास्त असेल आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर ते दर ठरवण्यापुरतं मोजलं जातं. शेतीच्या पाण्याला पट्टी नाही, पण ते मधले वाफे अडवून बसतं आणि पगाराचं पाणी वरच्या वाफ्यात ढकललं जातं.

करपात्र पगार १४ लाख, सोयाबीन-तुरीचे निव्वळ ३ लाख. दोन्ही मिळून १७ लाखांवर टॅक्स १ लाख ४० हजार. त्यातून शेतीचे ३ लाख अधिक करमुक्त ४ लाख, अशा ७ लाखांवरचे १५ हजार वजा. उरले १ लाख २५ हजार. शेती नसती तर ९० हजार. सेस धरून फरक ३६ हजार ४०० रुपयांचा. शेतीचे ५ हजारांहून जास्त असतील तर रिटर्नचा आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. आडत्याची पट्टी, खता-बियाण्यांच्या पावत्या जपा. दूध, कोंबड्या, एनए प्लॉटचं भाडं हे शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही. ते तसं दाखवणं ही नेहमीची चूक.

ज्याला फक्त शेतीच आहे, तोही करमुक्त जगत नाही. सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, पण रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के आहेच. दुकानदाराला खरेदीवरचा जीएसटी वजा करून मिळतो, शेतकरी जीएसटीत नोंदलेला नसतो म्हणून त्याला मिळत नाही. तो प्रभावी दर कुठल्याच फॉर्म १६ वर छापलेला नसतो.

“टॅक्स शून्य, मग रिटर्न कशाला?”

न्यू रेजीममध्ये उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न बंधनकारक आहे, टॅक्स शून्य असला तरी. दहा लाख पगार, टॅक्स शून्य, आणि ३१ जुलैची मुदत चुकली, तर ५ हजार लेट फी. माफी टॅक्सची असते, आळसाची नाही.

शेअर बाजारात नव्याने उतरलेल्या पोरांनी आणखी एक बघावं. बारा लाखांची माफी स्लॅबच्या टॅक्सला आहे. करपात्र पगार १० लाख आणि वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा नफा १ लाख असेल, तर बेरीज बारा लाखांच्या आत असूनही त्या नफ्यावर २० टक्क्यांनी २० हजार आणि सेस ८०० भरावेच लागतात. कंपनीला हा नफा माहीत नसतो, त्यामुळे पगारातून तो कापला जात नाही. भरायचा राहिला तर जुलैत व्याजासह निघतो, तोही अॅपवरचा नफा केव्हाच खर्चून झाल्यावर.